लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर : घास लहान, चर्वण पूर्ण

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घरी परतणाऱ्या रुग्णाच्या हाती रुग्णालयातून कागदांची एक चळत दिली जाते. औषधांच्या वेळा, टाक्यांची काळजी, पुढील तपासणीची तारीख, जीवनसत्त्वांच्या गोळ्या असे सारे तीत असते. त्यातच कोठेतरी एक ओळ असते : सावकाश जेवा, बारीक चावून खा. लहानपणापासून घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलाच हा उपदेश असल्याने बहुतेकांची नजर त्या ओळीवरून सहज पुढे सरकते. पहिल्या काही महिन्यांत छातीत घास अडकणे, तोंडाला फेस येणे, जेवण उलटून पडणे असे जे त्रास होतात, त्यांतील बरेचसे मात्र हीच ओळ न पाळल्याने झालेले असतात.

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते सरसेनापती प्रतापराव गुजर यांच्यामुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी त्यांनी व त्यांच्या सहा साथीदारांनी येथे बहलोलखानाच्या सैन्यावर झेप घेतली आणि सातही वीर धारातीर्थी पडले. त्यांचे स्मारक गावाजवळ आहे. एरवी हा परिसर ऊस, भात, नाचणी आणि भुईमुगाचा. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया हा येथे गावात होणारा उपचार नव्हे. त्यासाठी बेळगाव, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. शस्त्रक्रिया शहरात होते, परंतु नंतरचे प्रत्येक जेवण गावातच होते. शहरातील आहारतज्ज्ञाने दिलेल्या तक्त्यात ओट्स, सूप आणि दही असते. येथील ताटात भाकरी, आमटी, रस्सा, भात आणि ठेचा असतो. तक्ता आणि ताट यांच्यामधील हे अंतर कसे ओलांडायचे, हे बहुधा रुग्णाने व त्याच्या घरच्यांनीच ठरवायचे असते.

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेची चर्चा घरोघरी पोहोचली ती दोन प्रसंगांनी. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ती करून घेतली. पुढे २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईत आणून सैफी रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली, तेव्हा वृत्तपत्रे व वाहिन्यांनी काही आठवडे तोच विषय लावून धरला. इमान यांचे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबी येथे निधन झाले. दोन्ही वेळी चर्चा राहिली ती किलोंच्या आकड्यांची. शस्त्रक्रियेनंतर माणूस जेवतो कसा, याबद्दल फारसे कोणी लिहिले नाही.

पोटाने सोडलेले काम

निरोगी माणसाचे जठर ही केवळ अन्न साठविण्याची पिशवी नाही. तिचा वरचा भाग सैल असतो. जेवण आत येऊ लागले की तो फुगून जागा करून देतो, त्यामुळे लिटरभर अन्न आणि पाणीही फारशी तक्रार न होता मावते. खालचा भाग जाड स्नायूंचा असतो. तो अन्न घुसळतो, दळतो आणि आम्लात मिसळून त्याचा पातळ लगदा करतो. साधारण एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेले कणच पुढच्या झडपेतून लहान आतड्यात सोडले जातात. म्हणजे तोंडाने अर्धवट चावून पाठविलेला घास जठर पुन्हा दळते. घाईने जेवणाऱ्या माणसाची वर्षानुवर्षांची हयगय ते अशा रीतीने निमूटपणे निस्तरत असते.

शस्त्रक्रियेनंतर ही सोय जाते. आज सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. फुगून जागा देणारा सैल भागच निघून गेलेला असल्याने थोडेसे अन्न आत गेले तरी नळीतील दाब एकदम वाढतो. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. या पिशवीत प्रारंभी जेमतेम दोन ते सहा चहाचे चमचे मावतात. दळणारा भाग तेथे नसतोच, आणि पुढची वाट बोटाच्या जाडीपेक्षाही अरुंद असते. पहिले काही आठवडे आतील सुजेने ती आणखी आवळलेली असते.

एकदा हे चित्र डोळ्यांसमोर आणले की चावण्याच्या सूचनेचा अर्थ बदलतो. ती शिष्टाचाराची बाब राहत नाही. जठराने जे दळण करायचे ते आता दाढांनी करायचे असते, कारण पुढे ते करणारे दुसरे कोणी उरलेले नसते.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी, याचे निकष येथे थोडक्यात सांगितले तरी पुरे. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेली बॉडी मास इंडेक्सची ४० ची मर्यादा (मधुमेहासारखे आजार सोबत असल्यास ३५) बरीच वर्षे प्रमाण मानली गेली. २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन प्रमुख संघटनांनी ती ३५ वर आणली, मधुमेहासारखे चयापचयाचे आजार असल्यास ३० पासून विचार करावा असे म्हटले, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ चा उंबरठा सुचविला. अंतिम निर्णय अर्थातच तपासणाऱ्या शल्यविशारदाचा.

घास अडकतो तेव्हा

मोठा, कोरडा किंवा नीट न चावलेला घास अरुंद वाटेशी थांबला की छातीच्या मध्यभागी, हाडामागे दडपण येते. काहींना ते हृदयविकारासारखे वाटते आणि घरात धावपळ उडते. त्यानंतर तोंडात भराभर लाळ सुटते. अडकलेला घास पुढे ढकलण्याची ही शरीराची धडपड असते. परंतु लाळेलाही खाली वाट नसल्याने ती फेसाळ होऊन वर येते. बहुतेक वेळा काही मिनिटांत घास एकतर खाली सरकतो किंवा उलटून पडतो, आणि लगेच हायसे वाटते.

अशा वेळी घरातील माणसे हमखास जी गोष्ट करतात, तीच करायची नसते. घास अडकला की पाण्याचा तांब्या पुढे करणे ही आपली सहजप्रवृत्ती. येथे वाट बंद असताना वरून पाणी ओतल्याने दाब आणि वेदना मात्र वाढतात. जेवण लगेच थांबवावे, उठून उभे राहावे किंवा सावकाश फेऱ्या माराव्यात, फेस थुंकून टाकावा आणि वाट पाहावी. त्या दिवशी पुन्हा घट्ट अन्नाच्या वाटेला न जाता काही तास पातळ पदार्थांवरच राहणे बरे.

नव्या पोटाची भरल्याची खूणही निराळी असते. पूर्वीची ‘पोट तट्ट झाले’ ही जाणीव येईपर्यंत थांबले तर फार उशीर झालेला असतो. कोणाला उचकी लागते, कोणाचे नाक एकदम वाहू लागते, कोणाला शिंक येते, तर कोणाचा नकळत दीर्घ उसासा सुटतो. ऐकायला हे विचित्र वाटते, पण शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांना या खुणा ओळखीच्या असतात. त्यांपैकी आपली कोणती, हे ध्यानात येण्यासाठीदेखील सावकाश जेवणे आवश्यक ठरते. खूण उमटायला काही मिनिटे लागतात आणि घाईने जेवणाऱ्याने तोवर आणखी दोन-तीन घास गिळलेले असतात. त्रास होतो तो बहुधा त्या दोन-तीन घासांचाच.

बत्तीस वेळा की वीस वेळा?

एक घास बत्तीस वेळा चावावा, प्रत्येक दाताला एकेक पाळी मिळावी, असे आपल्याकडे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये हाच आकडा पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नावावर खपविला जातो. अमेरिकेतील होरेस फ्लेचर (१८४९-१९१९) या गृहस्थाने तर अन्न तोंडातच पातळ होऊन आपोआप गिळले जाईपर्यंत चावण्याचा पंथच काढला होता. दूध आणि सूपही तोंडात घोळवावे, असा त्याचा आग्रह असे. त्याच्या अनेक कल्पना विज्ञानाने पुढे बाजूला सारल्या. गंमत अशी, की शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत पातळ पदार्थ तोंडात क्षणभर धरून मग गिळण्याचा जो सल्ला आज दिला जातो, तो त्याच्या उपदेशाशी बराच जुळतो.

आहारतज्ज्ञ साधारणपणे एका घासाला वीस ते तीस वेळा चावणे आणि एका जेवणाला वीस ते तीस मिनिटे, असे प्रमाण सांगतात. हे आकडे अनुभवातून आणि तज्ज्ञांच्या सहमतीतून आलेले आहेत. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर मोजमाप करून सिद्ध झालेला एकच नेमका आकडा नाही, ही गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. नाचणीच्या आंबिलीला आणि मटणाच्या फोडीला एकच संख्या लावण्यात तसाही अर्थ नाही. त्यापेक्षा एक साधी कसोटी उपयोगी पडते : जिभेने टाळ्यावर दाबल्यावर घासात एकही कण टोचता कामा नये. टोचला तर तो अजून गिळण्याजोगा झालेला नाही. चावूनही ज्याचा चोथाच उरतो, तो चोथा बाहेर टाकावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जेवणाचे जे नियम आले आहेत, त्यांत फार घाईने जेवू नये असे आहे, आणि त्याबरोबरच फार रेंगाळतही जेवू नये असेही आहे. यातील दुसरा भाग बहुधा विसरला जातो. शस्त्रक्रियेनंतर तो तितकाच खरा ठरतो. अर्ध्या तासाचे जेवण दीड तासावर गेले की पोटात आधी गेलेले अन्न पुढे सरकते, पुन्हा जागा होते आणि एक जेवण संपता संपता दुसरे सुरू होते. दिवसभर काहीतरी तोंडात टाकत राहण्याची सवय अशीच लागते, आणि ती लागली की शस्त्रक्रियेने घटलेले वजन हळूहळू परत येऊ लागते. म्हणून अर्धा तास झाला की ताट बाजूला करावे, अन्न उरलेले असले तरीही.

भाकरी, रस्सा आणि अळणी

पहिले एक-दोन दिवस नितळ द्रव, त्यानंतर साधारण दोन आठवडे दूध, ताक, गाळलेली डाळ असे पातळ पदार्थ, मग काही आठवडे घोटलेले व मऊ अन्न, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते. आपल्या शल्यविशारदाने दिलेले पाळावे, शेजाऱ्याचे नव्हे.

या टप्प्यांसाठी कोल्हापूरकडच्या स्वयंपाकघरात पुष्कळ काही आधीच आहे. आजाऱ्याला आणि लहान मुलांना देण्यासाठी तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढलेली मटणाची अळणी गाळून घेतली की पातळ आहारात चालते. नाचणीची आंबील, भाताची पेज, ताक, मुगाच्या डाळीचे वरण हे सारे घरचेच. पुढच्या टप्प्यात उडदाचे घुटे, ज्वारीच्या कण्या, मऊ शिजवून घोटलेली आमटी, कुस्करलेले पनीर आणि मऊ अंडे यांची भर पडते. मात्र यांतील पेज, आंबील व कण्या यांवरच दिवस काढणे योग्य नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे उद्दिष्ट असते आणि लहानशा पोटात ती मावणे कठीण असते. म्हणून प्रत्येक जेवणात डाळ, अंडे, दही, पनीर, मासे वा कोंबडी आधी खावी. भाताची पाळी शेवटी, जागा उरली तर.

भाकरीबद्दल शहरातील तक्ते बहुधा काहीच बोलत नाहीत. नीट चावली तर ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी भुगा होऊन लाळेत मिसळते, चपाती व पाव यांचा मात्र ओलसर गोळा होतो. याचे कारण गव्हातील चिकट ग्लुटेन. ज्वारी-नाचणीत ते नसते. शस्त्रक्रियेनंतर पाव आणि मऊ चपाती अडकल्याच्या तक्रारी म्हणूनच अधिक येतात. भाकरी कोरडी आणि गार असेल तर तीही त्रास देते. आमटीत किंवा दुधात कुस्करून मऊ केलेला पापुद्रा, तोही पाव भाकरीपेक्षा जास्त नको, अशी सुरुवात करणे ठीक. मात्र कुस्करलेले चावायचे नाही असा समज करून घेऊ नये. काला भुरकण्याची आपली पद्धत या काळात सोडावी लागते.

त्रास देण्यात मटणाची फोड पहिली. तंतू लांब, चिवट, आणि रश्श्याबरोबर घाईने गिळण्याची सवय. खिमा किंवा मासा आधी, फोड काही महिन्यांनी, आणि तीही बोटांनी तंतू सुटे करून. शेवग्याची शेंग, उसाचे कांडे, ओले खोबरे, संत्र्याच्या फोडीची साल, फणसाचा चिवट गर यांचा चोथा पोटात जाऊ देऊ नये. तो साचून घट्ट गोळा होण्याची आणि वाट अडण्याची शक्यता असते. चिकट, गार झालेला भात बऱ्याच जणांना सोसत नाही. गडहिंग्लजच्या बाजारातील मिरची आणि तिचा ठेचा पहिले दोन-तीन महिने तरी दूर ठेवावा.

घासाचा आकार किती? भाजलेल्या शेंगदाण्याएवढा. हाताने जेवणाऱ्याचा घास नकळत मोठा होतो, म्हणून लहान मुलाचा चमचा आणि बशी वापरण्याचा सल्ला दिला जातो. चमचा तोंडात रिकामा झाला की खाली ठेवावा आणि घास गिळल्याशिवाय पुन्हा उचलू नये. चमच्याचा हा नियम घड्याळापेक्षा अधिक कामाचा आहे.

पाण्याचे गणित वेगळे. जेवताना पाणी नको आणि जेवणानंतर किमान अर्धा तास नको. घोटाबरोबर अर्धवट चावलेले अन्न वाहून जाते, शिवाय पाण्याने पोट भरल्यावर प्रथिनांना जागा उरत नाही. उरलेल्या दिवसात मात्र दीड-दोन लिटर पाणी घोट-घोट घेत पूर्ण करायचे असते. तांब्या उंच धरून घशात धार सोडण्याची गावाकडची पद्धत येथे अडचणीची ठरते. तिच्यात घोट मोठा होतो आणि पाण्याबरोबर हवाही पोटात जाते. पेल्याला ओठ लावून, एका वेळी एकच घोट घ्यावा. उसाच्या फडात दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटांत जेवण आणि पाणी दोन्ही उरकणाऱ्या माणसाला हे जमविणे सोपे नाही. त्याने पाणी कामाच्या मध्येमध्ये आणि जेवण कोरडे, अशी विभागणी करावी लागते.

गुळाचा खडा

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या भागात पाहुण्याच्या हातावर पाण्यासोबत गुळाचा खडा ठेवला जातो आणि गुऱ्हाळावर गेलेला माणूस काकवी चाखल्याशिवाय परतत नाही. बायपास झालेल्या रुग्णाला मात्र हाच गोडवा महागात पडू शकतो. साखर, गूळ, काकवी वा उसाचा रस झडपेच्या अडथळ्याविना थेट आतड्यात उतरला की दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ, धडधड, घाम, गरगरणे आणि जुलाब सुरू होतात. याला ‘डंपिंग’ म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम उतरून थरथर आणि ग्लानी येते. स्लीव्ह झालेल्यांना हा त्रास तुलनेने कमी, पण होतच नाही असे नाही. अशी ग्लानी आल्यावर घरचे पुन्हा गोड भरवितात, तात्पुरते बरे वाटते आणि तेच चक्र फिरत राहते. ग्लानी वारंवार येत असेल तर तिची कारणे डॉक्टरांनाच शोधू द्यावीत. येथे चावून खाण्याचाही उपयोग नाही, कारण गूळ चावला काय आणि चोखला काय, उतरतो सारखाच.

पंगतीतला आग्रह

जत्रा, वास्तुशांत, बारसे. पंगतीत वाढपी येतो, ताटावर हात आडवा धरला तरी एक पळी पडतेच. ‘एवढ्याने काय होतं’ हे वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसापुढे अशा वेळी दोन पेच असतात. वाढलेले टाकावे तर अन्नाचा अपमान, खावे तर उलटी. त्यातच पंगत उठण्याचा वेग ठरलेला असतो आणि सगळे उठल्यावर एकट्याने चावत बसणे संकोचाचे वाटते. यजमानाला आधी सांगून ठेवणे, घरून थोडे खाऊन जाणे आणि पंगतीत वाटीभर वरण किंवा अळणी घेऊन बसणे, हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग. शस्त्रक्रियेची गोष्ट गुप्त ठेवणाऱ्यांची पंचाईत अधिक होते. वजन का घटले याची कुजबुज टाळण्यासाठी अनेक जण ती लपवितात आणि मग चारचौघांत पूर्वीसारखे जेवून दाखविण्याच्या नादात त्रास ओढवून घेतात.

घरातील स्त्रीची गोष्ट निराळी. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत जगभर स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. आपल्याकडे मात्र सगळ्यांची ताटे झाल्यावर, चुलीपाशी किंवा ओट्याशी, उरलेले आणि गार झालेले अन्न पाच मिनिटांत उरकणारी व्यक्तीही तीच असते. मुलाचे दूध, सासऱ्यांची गोळी, गुरांचे पाणी यांच्या मध्ये तिला सलग अर्धा तास कोण देणार? आहारतज्ज्ञाने सांगितलेली वीस मिनिटे ही वैद्यकीय सूचना असली, तरी नेसरीच्या एखाद्या घरात ती अमलात येईल की नाही हे सासू आणि नवरा ठरवितात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या आहारविषयक भेटीला रुग्णाबरोबर घरातील जाणते माणूसही असावे. रोज एका वेळी तरी तिने पहिल्या पंगतीला, बसून आणि गरम अन्न जेवावे, एवढे ठरले तरी पुष्कळ साधते.

दाढा आहेत का?

चावा, असे सांगताना रुग्णाच्या तोंडात डोकावून पाहण्याचे मात्र राहून जाते. मिश्री, तंबाखू, सुपारी यांनी किडलेल्या, हललेल्या वा पडलेल्या दाढा ग्रामीण भागात चाळिशीतही दिसतात. गुटख्याने तोंडाचे आतील अस्तर कडक होऊन जबडा उघडेनासा होण्याचा आजार तरुणांतही आढळतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण जडलेला आजार बंदीने जात नाही. अशा माणसाने वीस वेळा चावले तरी घास भरडलेलाच राहतो. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी दंतवैद्याकडे जाणे, दुखऱ्या दाढांवर उपचार करणे, आवश्यक तर कवळी बसवून तिची सवय करून घेणे, हा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे किरकोळ असतो. तंबाखू तर सोडायलाच हवी. विशेषतः धूम्रपानाने बायपासच्या जोडाशी व्रण होण्याचा धोका वाढतो.

जबडा ठीक असणाऱ्यांनीही सराव आधीपासून करावा. शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन-तीन आठवडे लहान घास, खाली ठेवलेला चमचा आणि पाण्याविना जेवण यांची सवय लावली, तर नंतर वेगळे काही शिकावे लागत नाही. वेदना, अशक्तपणा आणि घरातील गोंधळ यांच्यात नवी सवय लागणे फार अवघड.

वर्ष उलटल्यावर

पहिल्या वर्षात पोटच शिक्षा करते, म्हणून माणूस सांभाळून जेवतो. पुढे पोट थोडे सैल होते, घास अडकणे थांबते आणि जेवणाचा जुना वेग परत येतो. याच काळात आणखी एक गोष्ट होते. ज्यांना घट्ट अन्न त्रास देते, ते चावण्याची कटकट नको म्हणून मऊ पदार्थांकडे वळतात. चहात बुडविलेली खारी व बटर, बिस्किटे, शिरा, आइस्क्रीम, तोंडात विरघळणारी शेव. हे सारे विनासायास खाली उतरते, पोट भरल्याची खूण उमटत नाही आणि उष्मांक मात्र भरपूर जातात. वाटीभर मोड आलेल्या मटकीने जे पोट भरते, ते अर्ध्या पुड्याच्या बिस्किटांनी भरत नाही. काय सहज गिळता येते यापेक्षा काय चावावे लागते, यावरून पदार्थ निवडणे या टप्प्यावर अधिक शहाणपणाचे.

मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘वेगोव्ही’ ही वजन घटविणारी इंजेक्शने भारतात आली. ती जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, त्यामुळे ती घेणाऱ्यांनाही भरभर आणि पोटभर जेवल्यास मळमळ व उलटी होते. लहान घासांचा आणि सावकाश जेवण्याचा सल्ला त्यांनाही दिला जातो. जठराची रचना मात्र त्यांची शाबूत असते, हा फरक ध्यानात ठेवावा.

प्रत्येक उलटी घाईची नसते

सावकाश जेवण्याच्या या उपदेशाला एक धोकादायक बाजूही आहे. रुग्णाला उलटी झाली की घरचे म्हणतात, ‘नीट चावलं नसशील.’ कधी कधी गावातील डॉक्टरही तेच म्हणतात. रुग्ण स्वतःला दोष देत राहतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो. चांगले चावूनही त्रास वाढतच चालला असेल, काल सोसलेले मऊ अन्न आज सोसत नसेल आणि नंतर पाणीही उलटत असेल, तर जोडाची वाट आकसली असण्याची शक्यता धरावी. ही आकुंचने बहुधा पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांत होतात आणि दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करता येतात. त्यावर चावण्याचा उपाय नाही.

दुसरी गोष्ट थायमिन, म्हणजेच बी-१ जीवनसत्त्वाची. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो. दोन-तीन आठवडे उलट्या होत राहिल्या आणि गोळ्याही पोटात टिकल्या नाहीत, तर तो संपतो. मग डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे येतात. मेंदूची ही हानी कायमची ठरू शकते. अशक्त रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावणे हा गावोगावचा रिवाज आहे. परंतु थायमिन न देता नुसते ग्लुकोज शिरेतून दिल्यास ही हानी वेगाने वाढू शकते. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या आणि सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाला सलाईन लावण्यापूर्वी थायमिनचे इंजेक्शन, ही बाब रुग्णाच्या नातेवाइकांनीही डॉक्टरांना आठवण करून देण्याजोगी आहे.

पहिल्या महिन्यात ताप, पोटात वा डाव्या खांद्यात वाढती वेदना, धाप, आणि स्वस्थ पडून असतानाही मिनिटाला १२० च्या वर राहणारी नाडी यांपैकी काहीही आढळले तर टाक्यांच्या जागेतून गळती झाली आहे असे मानूनच हालचाल करावी. काळी शौचास होणे, बारा तासांहून अधिक वेळ पाण्याचा घोटही न टिकणे, लघवी फार कमी व गडद होणे यांसाठीही सकाळची वाट पाहू नये. उजव्या बरगडीखालची कळ पित्ताशयातील खड्यांची असू शकते. वजन झपाट्याने उतरताना ते होण्याचे प्रमाण वाढते.

नेसरीहून गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, बेळगाव त्यापुढे आणि कोल्हापूर त्याहून लांब. ज्या शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली, तो रात्रीच्या वेळी हाताशी नसतो. म्हणून एक कागद घरात सापडेल अशा जागी आणि त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये असावे. त्यावर शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार, तिची तारीख, शल्यविशारदाचा क्रमांक, सुरू असलेल्या गोळ्या आणि एक ओळ ठळक अक्षरांत : ग्लुकोजपूर्वी थायमिन द्यावे, नाकातून नळी अंदाजाने घालू नये.